हातचा

बाहेर उणे तेवीस. नॉर्थ डकोटातल्या फेब्रुवारीला
दशांश चिन्हाची गरज पडत नाही.
जिमच्या दारात मिठाने पांढरे पडलेले बूट,
आत मक्याच्या लाह्यांचा वास,
आणि टेबलाच्या टोकाला मी,
लॅपटॉपच्या उजेडात तोंड धुतलेला.

शेजारी व्हर्ना टॉर्गर्सन बाई,
एकतीस हिवाळे गुणांची वही पेन्सिलीने लिहिणाऱ्या.
प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त.
मला म्हणतात, "तुझं यंत्र चुकत नाही रे,
म्हणून त्याला खोडरबर ठाऊक नाही."

डिसेंबरात मी कोच रासमुसेनना एक कागद दिला होता.
एकच पान.
ओडेसा प्रुइट, क्रमांक चौदा.
सामन्यामागे गुण दोन पूर्णांक एक दशांश,
नेम एकोणतीस टक्के,
रिबाउंड सांगण्यासारखे नाहीत.
तिच्या जागी मारिट सोल्हाइमला खेळवा,
दर सामन्याला सहा गुण जास्त मिळतील.
खाली माझी सही, तारीख.
सहीची काही गरज नव्हती.

मारिटने सहा गुण जास्त केले. बरोब्बर सहा.
आणि आम्ही ओळीने चार सामने हरलो.
"नमुना लहान आहे," मी म्हणालो.
पाचवाही हरलो.
"विचलन," मी म्हणालो.
कोच काही बोलले नाहीत,
त्यांनी पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

मग एका रात्री वसतिगृहाच्या तळघरात,
कपडे धुण्याच्या यंत्रांच्या घरघरीत,
मी सगळं चित्रीकरण पुन्हा लावलं.
चौदा नंबर सापडेचना.
कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि ती चेंडूपाशी नसतेच.
चौकटीच्या काठावर कधी एक कोपर,
कधी एक ताणलेलं बोट,
तिकडे जा, म्हणणारं.

चेंडूकडे बघणं सोडलं मी.
कठीण जातं ते,
डोळे कधीच चेंडूला विकलेले असतात.
ती आडोसा होऊन उभी राहते,
कुणीतरी धाडकन तिच्यावर आदळतं,
आणि त्या अर्ध्या सेकंदात टाविया मोकळी होते.
टाळ्या टावियाला.
ओडेसा उठते, मोजे वर ओढते.

नवा रकाना आखला. प्रश्नच बदलला.
ती काय करते, ते राहू दे.
ती असताना बाकीच्या चौघी काय करतात?
दर शंभर चालींमागे अधिक अकरा.
ती बाकावर बसली, की उणे सात.
तीनदा तपासलं.
चौथ्यांदा तपासताना लाज वाटत होती.

व्हर्नाबाईंना पान दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"पोरं नेमकी हाच विसरायची," म्हणाल्या.
"हातचा.
डोक्यावर बारीक लिहायचा, मग खोडायचा,
उत्तरात कुठे दिसत नाही,
पण धरला नाही तर अख्खी बेरीज फसते."
आणि सँडविचचा कागद
चौकोनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

ती परत आली. सगळे सामने जिंकलो असं नाही.
शेवटचा तर दोन गुणांनी गेला,
तिच्याच हातून सुटलेल्या सोप्या चेंडूवर.

परतीच्या बसमध्ये दिवे मालवलेले,
काचेवर आतून बर्फ धरलेलं.
ओडेसा पुढच्या सीटवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
मी सांगून टाकलं, डिसेंबरातला तो कागद माझा होता.
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सही होती त्यावर."

मग बराच वेळ नुसता रस्ता.

"यंदा किती चुकवले मी?"
"एकोणसाठांपैकी बेचाळीस."
"एवढेच?" ती हसली,
आणि पिशवी उचलून
दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

दुसऱ्या गुडघ्याचं मला ठाऊकच नव्हतं.