खरं इतिवृत्त

प्राचार्यांकडे गेलं ते इंग्रजीत आहे.
त्यात ठराव आहेत, अनुमोदक आहेत,
'सर्वानुमते' चार वेळा आलंय.
हे दुसरं. वहीच्या मागच्या पानांवर, मराठीत.
लिपी तशी सगळ्यांना येते, हिंदीच्या तासामुळे,
पण आमच्या खेडच्या बोलण्यात फार आत कुणी शिरत नाही.

सोहार. ऑक्टोबर. मंगळवार, दुपारी पावणेदोन.
खोली क्रमांक चौदा, जिचा एसी
आधी खोकतो, मग विचार करतो, मग थंड होतो.
हजर: मुली अकरा, मुलगे तीन,
तिघांतला एक समोशासाठी.

अध्यक्ष नफिसा कोया. अर्ज तिचाच,
सहा महिन्यांत तीनदा.
पहिल्यांदा उत्तर आलं: सेवा ठीक, समानता कशाला?
दुसऱ्यांदा: समानता आहेच की, पहिल्या तर मुलीच येतात.
तिसऱ्यांदा नुसती सही आली
आणि खाली, 'देखरेख: जो शिक्षक मोकळा असेल तो.'

मोकळे पीटीचे सर होते.
त्यांनी दारातूनच सवयीने हाक दिली,
"मुलांनो, खुर्च्या. मुलींनो, फळ्यावर काहीतरी छान."
आम्ही तिघं उठलोसुद्धा.
नफिसा म्हणाली, "सर, माझं अक्षर फार घाण आहे,"
आणि एकात एक चार खुर्च्या उचलून चालू लागली.
फळ्यावर मग मी लिहिलं.
समानतेतला 'स' सगळ्यात मोठा झाला,
'ता' काठावरून पडता पडता राहिला.

पुढचा विषय सेवा. कुणाची?
बंदरावरच्या मजुरांना थंड पाणी. किनारा साफ.
रमजानात खजुराची पाकिटं.
जेरोमने बॅनरचं माप विचारलं, फोटोसाठी.
मी टिपत होतो, मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा दोन-अ.
दारात रोकेया आपा किल्ल्यांचा झुबका घेऊन
आमचं आटपायची वाट बघत होत्या.
अनघानं त्यांनाच विचारलं, "आपा, तुम्हाला काय हवं?"
त्यांनी आमच्याकडे नाही, टेबलाकडे पाहिलं.
"कप," म्हणाल्या. "आपापले."

चौदा कप. तेलकट कागद वेगळे.
(इंग्रजी प्रतीत ह्याला 'स्वच्छता उपक्रम' म्हटलं आहे.)

इथे नळाचं पाणी ऑक्टोबरातही चटके देतं.
कपाच्या बुडाशी साखर चिकटून बसते
हे सतरा वर्षांत मला माहीत नव्हतं.
बोटं आत जात नाहीत, चमचा उलटा धरावा लागतो.
आपांनी करून दाखवलं. हसल्या नाहीत.
हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री अब्बा क्रेनवरून घरी आले,
शर्टाच्या पाठीवर मिठाचा नकाशा.
अम्मीनं कालवण वाढलं, सुमय्या पाण्याचा जग धरून उभी,
आम्ही दोघं बसलेले, नेहमीसारखे.
जेवून मी माझं ताट उचललं.
"ठेव रे झैद, ठेव," अम्मी लगबगीने आली,
"परीक्षा आहे ना तुझी!"

परीक्षा सुमय्याचीही होती,
आठवीची, गणिताची, त्याच आठवड्यात.
हे मी म्हणालो का?
नाही. ह्या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय,
माझं माझ्याशीच.
मी नळ सोडला.
घासणीवर साबण किती घ्यायचा ते कळेना,
फेस कोपरापर्यंत आला.
मागे अब्बांची खुर्ची सरकली
आणि मग बराच वेळ कसलाच आवाज नाही.

सुमय्या शेजारी येऊन उभी राहिली.
ताट उजेडात धरून, पंचासारखी निरखून म्हणाली,
"मागची बाजू राहिली."

ठराव मांडला: मी.
अनुमोदन: अजून नाही.
अब्बांचं ताट टेबलावर आहे,
हाडं एका कडेला नीट लावलेली.
ते कोण उचलणार
हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत.