ओलं पान, मुकं पान

दुपारी दोनला, सावली बुटांखाली शिरते तेव्हा,
मी खोरेझमच्या कपाशीत उभी असते.
हातात पिस्तुलासारखं यंत्र, पानावर लाल ठिपका.
एर्गाश-ओता बांधावरून ओरडतात,
"मारू नकोस गं, तशीही ती अर्धमेलीच आहे!"
आणि खोकला येईपर्यंत स्वतःच हसतात.

आधी दोन पानं वेगळी काढायची.
एकावर पाणी फवारायचं,
दुसऱ्याला दोन्ही अंगांनी व्हॅसलीन फासायचं,
की त्याची बारीक बारीक तोंडं बुजतात.
एक ओलं, एक मुकं.
बाकीचं शेत या दोघांच्या मधे कुठेतरी.

हवा अडतीस. ओलं एकोणतीस. मुकं त्रेचाळीस.
कालव्यालगतच्या ओळी एकतीस,
घाम गाळतायत, म्हणजे बऱ्या आहेत.
मिठाने पांढऱ्या पडलेल्या कोपऱ्यात
चाळीस.

ताप म्हणू नका याला.
तापात अंग भांडत असतं.
इथे पानाने दार ओढून घेतलंय,
होता तो थेंब आत ठेवलाय
आणि उन्हाला म्हटलंय, भाज.

दिसायला हिरवंगार. एकानेही मान टाकलेली नाही.
ओता एक पान गालाला लावून बघतात.
"निळसर झाली की पाणी. माझा बाप तेच करायचा."
"निळसर व्हायला अजून तीन दिवस आहेत."
"म्हणजे तुला तीन दिवस आधी कळलं."
"हो."
"आणि आपली पाळी कधी?"

वही उघडावी लागत नाही.
आज सोमवार. कालव्याचं दार शुक्रवारी.

ओता टोपी काढतात, कपाळ पुसतात, टोपी घालतात.
"बापाला एकच दिवस काळजी असायची," म्हणतात,
"तू मला चार दिलेस."

संध्याकाळी सगळी पानं जवळजवळ एकाच आकड्यावर येतात,
ओलं, मुकं, कोपऱ्यातलं.
या वेळी यंत्राला काहीच कळत नाही.
मी रुमालाने व्हॅसलीन पुसते. सगळं निघत नाही.

मागे ओता पियाल्यातला उरलेला हिरवा चहा
कोपऱ्यातल्या एका झाडाच्या बुडाशी ओततात,
मी पाहत नाही ना, याची खात्री करून.

वहीत तापमान, वेळ, वारा, ओळीचा क्रमांक.
चहाला रकाना नाही.