मीठ

झाडांनी पानं टाकली नव्हती अजून.
ऑक्टोबर संपायला दोन दिवस होते
आणि सकाळी रेडिओवाला म्हणाला होता, "किरकोळ भुरभुर."

दुपारी तीनला पिट्सबर्गच्या पुलांवर पहिलं पांढरं उतरलं,
तेव्हा माझ्या बसमधले लोक
काचेला फोन लावून फोटो काढत होते.
चारला फोटो थांबले.
साडेचारला मी थांबले.
चौपन्न नंबर, लांबलचक, मध्ये भाता असलेली,
पॉलिश हिलच्या चढावर अशी आडवी झाली
जसा रविवारी जेवून माझा नवरा सोफ्यावर होतो:
तिरकी, आणि आता कुणाचं न ऐकणारी.

चाकांच्या साखळ्या डेपोत.
पंधरा नोव्हेंबरच्या आत साखळ्या मिळत नाहीत,
तसं परिपत्रक आहे,
त्यावर माझीही सही आहे.

एकतीस माणसं. आरशात मोजली.
मागच्या दाराशी इरीना, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांत.
तिच्या मुलीचं पाळणाघर सहाला बंद,
पुढे मिनिटाला एक डॉलर.
सहा वाजले तशी ती हलक्या आवाजात मोजू लागली,
सात, आठ, नऊ,
आणि आम्ही सगळे न बोलता तिच्यासोबत मोजत राहिलो.

हॉटेलच्या धुलाईत काम करणारा तिलक रिजाल
थर्मासचं झाकण भरून पुढे आला.
चहा कसला, नुसता पाक.
मी दोनदा घेतला.

मग कुणीतरी ओरडलंच:
"मिठाच्या गाड्या मेल्या कुठे? कर भरतो आम्ही!"
तिसऱ्या सीटवरचा माणूस खिडकीबाहेर बघू लागला.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.
मांडीवर नारिंगी जाकीट, उलटं करून घडी घातलेलं.
त्याचा फोन वाजला,
आणि इतक्या शांततेत पलीकडचा आवाजही
सगळ्यांनी ऐकला.
"यूजीन, आहेस कुठे? गाडी भरून उभी आहे."
"चौपन्नमध्ये आहे."
"चौपन्न कुठे आहे?"
"मिठाची वाट बघतेय."

हसू आधी मागून आलं, मग पुढून,
ओरडणारा सगळ्यात जास्त हसला.
इरीनाचं मोजणं चुकलं.
यूजीन हसला नाही.
त्यानं जाकीट सुलटं केलं, चेन गळ्यापर्यंत ओढली,
माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं,
म्हणाला, "दार उघड, ओडेसा."
मिठाचा ढीग तिथून अडीच मैल.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं मी पाहिली आहेत,
पण कॅनव्हासच्या बुटांत नाही.
त्याचे जाड बूट कपाटात होते,
साखळ्यांसारखेच,
नोव्हेंबरची वाट बघत.

त्याच्यामागून एकेक, दोन-दोन उतरले.
इरीना सव्वीस डॉलरवर उतरली.
तिलक झाकण विसरून गेला.

बस सोडायची नाही असा नियम.
डिझेल जपायला मी हीटर बंद केला
आणि मॅपल ऐकत बसले.
उघड्या फांदीवरून बर्फ घसरतो,
पानं असली की ती त्याला धरून ठेवतात,
हिरवी-पिवळी, अजून अर्धी उन्हाळ्यातली,
सोडायचं कसं ते न कळलेली.
मग फांदीच जाते.
गोळी सुटावी तसा आवाज.
आमच्या गल्लीतली माणसं
अशा आवाजाला आधी वाकतात, मग विचार करतात.
मी चार वेळा वाकले.
पाचव्यांदा नाही.

बारा वाजायला दहा कमी असताना
भिंतींवर नारिंगी उजेड फिरू लागला.
गाडी चढ चढून आली,
माझ्या पत्र्यावर मीठ तडतडलं
लग्नात तांदूळ फेकतात तसं.
चढावर ती थांबत नाही, थांबवायची नसते.
स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली गेली,
मी झाकण उचललं, रिकामं.

त्याच्या पायात काय होतं
ते इतक्या उंचावरून दिसलं नाही.