वाटीभर

तिळगूळ संपला त्या दिवशी मी
साखरेचा डबा घासला, पुसला
आणि ओट्यावर पालथा घातला.
चिटणीस की गोठमधल्या आमच्या अडीच खोल्यांत
जाहीर केलं, "आता या घरात मध."
ऐकायला हेच. हातात कप.
"आणि चहात?"
"चहातही."

मध मुरैन्याकडचा, सरसोंच्या फुलांवरचा.
बैजनाथ कुशवाह मोपेडला दोन डबे लटकवून आणतो.
पेट्या त्याच्या लोकांच्या शेतांच्या कडेला,
डंख त्याच्या स्वतःच्या मनगटांवर.
पैसे मोजून घेतले आणि म्हणाला,
"ठंड में जमेगा, बाईसाहब. घबराना मत.
बस, धूप दिखा देना."

जमला. तिसऱ्याच रात्री पारा चारावर आला
आणि सकाळी बरणीत पांढरं, रवाळ,
चमचा उभा राहील असं काहीतरी.
"घे," हे म्हणाले, "तुझी साखर परत आली."

हात बसायला महिना गेला.
वाटीला पाऊण वाटी, आणि दूध जरा आखडतं.
उकळत्या खिरीत घातला, खीर फाटली.
आता पातेलं उतरवते, बोट बुडवून बघते,
बोटाला सोसलं तर मधाला सोसेल.
शंकरपाळे डोळ्यांदेखत काळे पडले.
पाकाची तार तर धरेचना.
अंगठा आणि तर्जनीमध्ये ताणते आहे, ताणते आहे,
तो नुसता लांबत जातो, उभा राहत नाही.
रव्याचे लाडू वळले ते ताटात बसले,
बसले ते पसरले, आम्ही चमच्याने खाल्ले.
श्रीखंडाने मात्र लाज राखली,
चक्का आणखी एक रात्र टांगला म्हणून.

डॉक्टर शितोळे हसले.
"काकू, मधही साखरच. फक्त माशीच्या हातची."

आणि जिभेचं काय करू?
भाचीचं जमलं तर मी साखरपुड्यालाच जाणार.
कुणी शुभ बोललं तर त्याच्या तोंडात साखरच पडणार.
मधाचं बोट आमच्यात
फसवायचं असेल तेव्हा लावतात.
डबा पालथा घालता येतो.
म्हणी कुठे पालथ्या घालू?

परवा सकाळी दारात
शेजारच्या भदौरियांची सून. हातात स्टीलची वाटी.
"चाची, कटोरी भर शक्कर."

वाटी मी ओळखली. वीस वर्षं
ती या दारातून गेली-आली आहे.
मी द्यायची बोटाने काठाशी सपाट करून,
तिची सासू परत करायची, बोटाने सपाट करून.
एक दाणा कुणाचा कुणाकडे राहिला नाही.
सासू श्रावणात गेली.
वाटीच्या पोटावर कोरलेलं तिचं नाव
तेवढं अजून वाचता येतं. विमला.

नाही म्हणवेना. पण मध तर दगड.
बरणी गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवली,
म्हटलं, "बैठ जा, बेटी. टाइम लगेगा."

साखर असती तर ती केव्हाच गेली असती.
तेवढ्या वेळात कळलं, हिचं नाव संध्या,
माहेर भिंडचं, बारावीला गणितात पहिली,
आणि साखर सासऱ्यांच्या चहाला नको होती,
तिची तिलाच हवी होती. दोन वर्षांत
कुणी विचारलं नव्हतं, तुला किती गोड लागतं.

मध आधी कडेने सुटला, मग मधून.
ओतला तर धार सावकाश, जाड, दोघी बघत उभ्या.
थांबवेपर्यंत काठावरून ओघळला एक थेंब
आणि खाली उतरून त्या अक्षरांत शिरला.
तिने बोटाने पुसला, बोट चाटलं,
मग एकदम लाजली आणि पदर सावरला.

संध्याकाळी वाटी परत आली.
रिकामी पाठवत नाहीत, त्यांच्यातही नाही, आमच्यातही नाही.
आत गजकाचे दोन तुकडे.
सपाट करायला काही नव्हतंच.
"ल"च्या वळणात मात्र थोडा चिकटपणा तसाच.

"पुढच्या वेळी शक्कर मँगवा रखूँ?" मी विचारलं.
जिन्यातूनच म्हणाली,
"नहीं चाची, वही देना.
जमा हुआ ही रखना."