उरलेले दोन

वर्गातला हीटर एकाच बाजूनं तापायचा,
म्हणून जानेवारीत पोरं डावीकडे गोळा व्हायची.
ट्रेडेगरच्या चढावरची शाळा, चारलाच अंधार,
आणि मी शिकवत होते संभाव्यता.
पिशवीत शंभर गोट्या, त्यात दोन तांबड्या.
न बघता हात घातला तर?

लोरी बेनननं हात वर केला. एरवी करत नसे.
"मिस, अठ्ठ्याण्णव टक्के खात्री म्हणजे
उरलेले दोन कुठं जातात?"
वर्ग हसला. मीही हसले.
म्हटलं, कुठं जात नाहीत. नगण्य असतात.
चला, पुढचं उदाहरण.

जूनमध्ये तिचं पोट बाकात मावेना.
आयव्हरनं कॅन्टीनमधलं टेबल उचलून आणलं
परीक्षेच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या मागे.
केचपच्या डागावर उत्तरपत्रिका ठेवून
तिनं पेपर सोडवला, वेळेआधी, न उठता.
स्टाफरूममध्ये किटलीपाशी कुणीतरी म्हणालं,
वाया गेली पोर.
कुणीतरी म्हणजे मी.
एवढे दोन शब्द लिहायला मला सोळा वर्षं लागली.

गेथिनला तर कुणी काही विचारलंच नाही.
नुकतं मिसरूड फुटलेलं, नखांत टायरचा काळा.
वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं हिशेब मांडला होता:
नॅपी, दुधाचा डबा, बसचं भाडं,
शनिवारी मिळणारी मजुरी.
बेरीज बरोबर होती.
मी खाली लाल शाईनं लिहिलं,
गृहपाठ कुठे आहे?

पुढे तो स्विंडनला गेला. पैसे पाठवतो म्हणतात.

उगाच गोड करून सांगत नाही.
एकदा लाँड्रीत दिसली होती लोरी,
बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं,
आणि बाबागाडीतलं बाळ टक्क जागं,
फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत.
झोपेत ती चौदाची दिसत होती.
मी माझी नाणी मुठीत दाबून धरली,
आवाज होऊ नये म्हणून,
आणि कपडे न धुताच घरी आले.

डेलिथचं लेकरू अजून डेलिथला ताई म्हणतं.
सगळ्या दरीला ठाऊक आहे, सगळी दरी गप्प.
आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात.
आणि नेरिस, माझी हुशार नेरिस,
चौथ्या उपचारानंतर एकोणचाळिसाव्या वर्षी आई झाली,
तर मी तीन रात्री जागून पिवळा स्वेटर विणला.
लोरीला साधं कार्डही धाडलं नव्हतं.
म्हणजे मुलाच्या जन्माचा आनंद
आम्ही आईच्या वयावरून ठरवतो
आणि मग वर तोंड करून
मुलांना शिकवतो गणित.

परवा पालकसभेला लोरी आली.
वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा गणवेश अंगावर,
सगळ्या पालकांत लहान, माझ्यासमोर
मुलांच्याच बुटक्या खुर्चीवर.
मी वाक्य जुळवून ठेवलं होतं.
ती म्हणाली, "हीटर अजून तसाच का हो, मिस?"
मी म्हटलं, तसाच.
वाक्य तसंच राहिलं.
मॅब्लीची वही तिनं उलटसुलट चाळली,
एका चुकलेल्या वजाबाकीवर बोट ठेवलं,
"इथं घाई करते बघा," म्हणाली,
आणि रात्रपाळी गाठायला पळाली.

आज पुन्हा जानेवारी. पुन्हा पिशवी, शंभर गोट्या.
डावीकडच्या गर्दीत, तिसऱ्या रांगेत मॅब्ली,
सातावर आडवी रेघ मारणारी, आईसारखीच.
दोन तांबड्या गोट्या तळहातावर घेऊन मी थांबले.
म्हटलं, आज काहीही विचारा.
पुस्तकातलं नसलं तरी चालेल.
कुणी हात वर केला नाही.
हीटर टकटक करत राहिला.
कुणीतरी खोकलं, कुणीतरी बाकाखाली फोन सरकवला.
मॅब्ली पेनाचं टोपण चावत
माझ्या हाताकडे बघत होती.

मी मार्कर खाली ठेवला.
घंटेला अजून अकरा मिनिटं होती.
थांबते, म्हटलं. मला घाई नाही.