कोणीही दिली तरी

लोटलीचा उतार संपला की आधी जुवारी दिसते,
मग गंजाचा वास, मग क्रेन.
सरकारी जीप फाटकाशीच ठेवायची.
हेल्मेट डोक्याला मोठं होतं.
दर वर्षी तेच देतात, दर वर्षी मोठं होतं.

अर्ज क्रमांक एकोणीस : कायतान रेबेलो, वय त्रेपन्न,
क्रेनवर सव्वीस वर्षं,
परवान्यासाठी अर्ज पहिल्यांदाच.
‘इतकी वर्षं कुणी मागलाच नाही, बाय,’
तक्रार नव्हती त्यात,
यंदा मीठ किती पडलं ते सांगावं, तसं.

मी विचारलं : बूम अठरा मीटर बाहेर. किती टन?
तक्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता.
तो नदीकडे बघत राहिला.
‘भरती का ओहोटी?’
तक्त्यात भरती नाही, मी म्हटलं.
‘बार्जवरनं उचलताना असते. पाणी उतरलं की बार्ज खाली जाते,
ते आधी दोराला कळतं, मग मला.’
थोडं थांबून : ‘आठ टन. तुमच्या कागदाचे आठ.’
मी आठ लिहिले.
भरतीला रकाना नव्हता, समासात लिहिली.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका यार्डात
परवाना काचेच्या चौकटीत होता.
मुदत मार्चपर्यंत, शिक्का गोल, सही माझी.
लिमिट स्विच सुतळीनं बांधून ठेवलेला.
सुतळी नवी होती, पिवळी.
खाली उभा होता तो मुलगा बिदरकडचा,
हजेरीपटावर ‘हेल्पर चार’.
नाव शोधायला मला दीड दिवस लागला. इरण्णा.
अहवालात ‘वैध’ हा शब्द तीन वेळा आला.
तिन्ही वेळा बरोबर.

मग खुणा.
अंगठा वर, अंगठा खाली, तर्जनीचं वर्तुळ.
सिग्नलमन पुंडलिक खोर्जुवेकरला उजवी दोन बोटं नाहीत,
त्याची ‘हळू’ जरा वेगळी दिसते,
कायतानला ती लांबूनसुद्धा वाचता येते.
चालकानं एकाच सिग्नलमनचं ऐकावं, मी वाचून दाखवलं.
अपवाद एक. थांबण्याची खूण
कोणीही दिली तरी पाळावी.
‘कोणीही म्हणजे कोण?’
परीक्षा त्याची, आणि प्रश्न विचारत होता तोच.
मी कलम पुन्हा वाचलं. पुढे काही लिहिलेलं नव्हतं.
‘कोणीही.’

चार टनांची प्लेट जमिनीवरून सुटली,
वळली, धक्क्यापर्यंत आली.
तेवढ्यात कुंपणापलीकडच्या वाटेवर
मासळीची पाटी खाली ठेवून एका बाईनं
दोन्ही हात आडवे पसरले, जोरजोरात हलवले.
पोदेर सायकलवरून निघाला होता, पाव राहिले होते तिचे.

पोदेर थांबला नाही.
क्रेन थांबली.

प्लेट हवेत, किंचित फिरत.
सुपरवायझर धावत आला, ओरडत आला.
आम्ही स्लिंग तपासली, हुक तपासला, शॅकलची पिन,
धक्क्याखाली वाकून पाहिलं.
काहीच नव्हतं. अकरा मिनिटं गेली.
वर केबिनमध्ये कायतान
हात लिव्हरवरून काढून मांडीवर ठेवून बसलेला,
चर्चमध्ये बसावं तसा.
खाली आल्यावर एवढंच म्हणाला,
‘कोणीही म्हणालात ना.’

परवाना यायला तीन आठवडे लागतात.
तोवर क्रेन चालवायची नाही, हेही मीच सांगितलं,
आणि नदीकडे बघत सांगितलं.

फाटकाबाहेर ती बाई अजून उभी होती.
आत काय झालं हो, एवढी ओरड कसली?
काही नाही, मी म्हटलं.
जीपमध्ये बसल्यावर शेऱ्याच्या रकान्यात तेच लिहिलं,
आणि कितीतरी वेळ
पेनाचं टोपण लावलं नाही.