चूक दुप्पट करून पाहावी

चौतीस वर्षं मी रूळ पाहिले,
वाकून, एक डोळा मिटून,
गाल जवळजवळ खडीला टेकवून,
फेब्रुवारीत, जेव्हा लोखंड आखडतं
आणि सांध्यात नाणं मावेल एवढी फट पडते.

म्हणून दुकानात सिर्पा म्हणाली,
"ओस्मो, ही बघ रुळावर चालणारी करवत,"
तेव्हा करवतीकडे मी पाहिलंच नाही.
आधी रूळ दाखव, म्हटलं.

तिनं काउंटरवर तीन मांडले.
स्वस्तातला, मधला, आणि एक,
ज्याची किंमत ती हळू आवाजात सांगते,
आजारी माणसाची चौकशी करावी तशी.

स्वस्तातला एका टोकाला धरून उचलला,
दुसरं टोक लवलं.
हाच घेतला होता शेजारच्या काउकोनं.
त्याच्या कपाटाचं दार वरून मिटतं,
खालून मांजर जातं-येतं.

माझी परीक्षा जुनी आहे, फुकटची आहे.
कागद पसरायचा. कडेनं रेघ ओढायची.
मग रूळ फिरवायचा, या टोकाचा त्या टोकाला,
आणि त्याच दोन ठिपक्यांतून पुन्हा ओढायची.
सरळ असेल तर रेघ एकच.
नसेल तर दोघींच्या मधे पोट सुटतं,
मूळ चुकीच्या बरोब्बर दुप्पट.
माणसांना असं फिरवून धरता येत नाही,
नाहीतर आमच्या स्टेशनमास्तरला मी पहिल्या आठवड्यातच...
असो.

मधल्याची रेघ एकच आली.
महागाचीही एकच.
"मग महागात जास्तीचं काय?" मी विचारलं.
"पेटी सुंदर आहे," सिर्पा म्हणाली.
खोटं बोलायला तिला कधीच जमलं नाही,
त्यामुळेच ते दुकान अजून तेवढंच आहे.

मग मधल्याची करवत हातात घेतली.
प्लग काढून पातं चिमटीत धरलं, हलवलं,
खुळखुळ नाही.
दाबली की उतरते, सोडली की आपण होऊन वर,
स्प्रिंग हट्टी नाही, लाचारही नाही.
पात्यामागे पातळ पट्टी आहे,
चिरलेलं लाकूड पुन्हा मिटून
करवत अंगावर फेकू नये म्हणून.
ती मी दोनदा पाहिली.
दहा बोटं घेऊन निवृत्त झालो,
हिशेब शेवटपर्यंत तोच राहावा.

भुशाच्या भोकाचं माप हवं होतं.
कोटाच्या खिशातून घरच्या व्हॅक्यूमची तोटी काढली.
बसली. जरा सैल, पण टेपचा एक वेढा पुरेल.
सिर्पाला नवल वाटलं नाही.
आमच्याकडे हिवाळा मोठा असतो,
लोक खिशात याहून चमत्कारिक वस्तू घेऊन हिंडतात.

आमच्या गावची गाडी नऊ वर्षांपूर्वी बंद झाली.
रूळ उपटले, भंगारात गेले,
त्या पट्ट्यावर आता बर्चची रोपं
माझ्या कमरेइतकी.
तर हा रूळ बसनं आला,
सीटांच्या मधल्या वाटेत आडवा झोपून.
माणसं त्याला ओलांडून चढली, उतरली.
ड्रायव्हर म्हणाला, याचं तिकीट?
म्हटलं, हा खात्याचा माणूस आहे.

शेडमध्ये प्लायवूड मांडलं, अठरा मिलिमीटरचं,
खाली जुना फोम, म्हणजे पातं जमिनीला लागू नये.
शंभरदा मोजलं. पेन्सिलीला टोक केलं.
मग पुस्तिकेत वाचलं
की पहिला काप लाकडाचा नसतो.
रुळाच्या काठाला काळ्या रबराची पट्टी असते,
मुद्दाम जराशी जास्त ठेवलेली.
करवत आधी तिलाच छाटते,
आपलं पातं नेमकं कुठून जातं
ते एकदा स्वतःच्या काठावर लिहून घेते.
त्यानंतर खुणेला तो काठ लावा
आणि निश्चिंत व्हा.

मी छाटली.
केसाएवढी काळी दोरी गुंडाळी होऊन
बुटावर पडली.
बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिलो.

"कापलंस का?" इर्यानं अंगणातून ओरडून विचारलं.
"हो," म्हटलं,
"अजून लाकूड नाही."